पाइपफिश : इथे बाबा गरोदर राहतो, पण घरातल्या टाकीत हा मासा उपाशी का मरतो?

काडीसारखं बारीक शरीर, घोड्यासारखं लांब तोंड आणि पाण्यात जवळजवळ स्थिर तरंगणं. इन्स्टाग्रामवर पाइपफिशचे रील्स पाहिले असतील, तर हे वर्णन ओळखीचं वाटेल. त्यातल्या एखाद्या रीलमध्ये नर मासा पिल्लांना जन्म देताना दिसतो आणि खाली हजारो कमेंट्स असतात. 'अरे, हा तर बाबाच प्रेग्नंट!'

मग कुणाला तरी वाटतं, असा मासा आपल्याकडेही हवा.

समजा, कळंबोलीतला एखादा मुलगा अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात गेला. कोपऱ्यातल्या टाकीत त्याला काडीसारखे चार-पाच मासे दिसले.

"दादा, हा कुठला मासा?"

"नीडल आहे. घेऊन जा, शांत असतो, कुणाला त्रास देत नाही."

दुकानदार खोटं बोलत नाही. हा मासा खरंच कुणाला त्रास देत नाही. पण घरी आल्यावर तो खाद्याच्या दाण्यांकडे बघतही नाही. चार दिवस जातात, आठवडा जातो. टाकीतले बाकीचे मासे टुणटुणीत असतात आणि हा एक दिवस तळाशी आडवा पडलेला दिसतो. पाणी स्वच्छ, फिल्टर चालू, खाद्यही रोज टाकलेलं. मग तो मेला कशाने?

बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, उपासमार. आणि ती का होते, हे समजून घ्यायचं तर आधी या माशाचं शरीर समजून घ्यावं लागेल. शिवाय या गोष्टीला कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती अनेक हौशी लोकांना माहीतच नसते.

पाइपफिश म्हणजे नेमका कोण?

पाइपफिश हा समुद्रघोड्याचा सख्खा नातेवाईक. दोघांचं कुटुंब एकच, सिग्नॅथिडी. या शब्दाचा ग्रीक अर्थ साधारण 'जोडलेले जबडे' असा होतो. या कुटुंबात सुमारे ३०० प्रजाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य पाइपफिशच्या आहेत. समुद्रघोडे त्या मानाने थोडे, पन्नासच्या आतबाहेर. ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातले पानांसारखे दिसणारे सी-ड्रॅगनही याच घरातले.

समुद्रघोड्याला सरळ ताणला तर जे दिसेल, तो साधारणपणे पाइपफिश. दोघांच्याही अंगावर नेहमीच्या माशासारखे खवले नसतात. त्याऐवजी हाडांच्या कड्या एकामागोमाग एक बसवलेल्या असतात, एखाद्या चिलखतासारख्या. या चिलखतामुळे शत्रूपासून थोडं संरक्षण मिळतं, पण शरीर ताठ होतं. त्यामुळे शेपूट मारत सुसाट पोहणं त्याला जमत नाही. पाठीवरचा छोटा पर फडफडवत तो हळूहळू पुढे सरकतो.

वेग नाही, म्हणून लपणं हेच त्याचं शस्त्र. गवत, मुळं, काड्या यांच्यात तो असा काही मिसळून जातो की समोर असूनही दिसत नाही. त्याचे दोन्ही डोळे एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात. एक डोळा भक्ष्यावर, दुसरा आजूबाजूला.

बाजारात 'नीडल' या नावाने आणखी काही लांबट मासे मिळतात. त्यातला खरा नीडलफिश पूर्णपणे वेगळा. त्याच्या चोचीत बारीक दात असतात आणि तो छोटे मासे पकडून खातो. पाइपफिशला दातच नसतात. त्याचं तोंड म्हणजे पुढच्या टोकाला छोटंसं भोक असलेली नळी.

पोट नसलेला मासा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ.

पाइपफिशला जठर नसतं. आपण जेवतो तेव्हा अन्न जठरात साठतं, तिथे आम्लात घोळतं आणि मग थोडं थोडं पुढे सरकतं. पाइपफिशच्या शरीरात ही साठवणुकीची खोलीच नाही. तोंडातून गेलेलं अन्न थेट आतड्यात जातं आणि हे आतडंही बरंचसं आखूड आणि सरळ. त्यामुळे एकदाच भरपूर खाऊन दिवस काढणं त्याला शक्य नाही. निसर्गात तो उजेड असेपर्यंत जवळपास सतत टिपत असतो. एक कण, मग दुसरा, मग तिसरा.

इथे एक प्रश्न पडू शकतो. गोल्डफिशलाही जठर नसतं, मग तो कसा मजेत जगतो? कारण गोल्डफिश काहीही खातो. कोरडे दाणे, शेवाळ, उकडलेला मटार, सगळं चालतं. त्याच्या घशात अन्न चिरडणारे दात असतात आणि आतडंही लांबलचक असतं. पाइपफिशकडे यातलं काहीच नाही.

त्यात आणखी एक अडचण. पाइपफिश हलणाऱ्या भक्ष्यावरच झडप घालतो. समोरचा कण हलला, वळवळला, तर डोळ्यांना ते अन्न वाटतं. पाण्यात तरंगणारा कोरडा दाणा त्याच्या लेखी कचरा असतो. म्हणून टाकीत खाद्य असूनही तो उपाशी राहतो.

त्याची शिकार करण्याची पद्धत मात्र थक्क करणारी आहे. भक्ष्य जवळ आलं की तो अगदी सावकाश तोंड त्याच्या खाली नेतो. मग डोकं झटक्यात वर उचलतं आणि नळीतून पाणी आत खेचलं जातं, पाण्याबरोबर भक्ष्यही. हे सगळं काही मिलिसेकंदांत होतं, म्हणजे आपली पापणी लवायच्या आत. यामागे स्नायूंची नुसती ताकद नसते. मानेजवळचे स्नायुबंध धनुष्याच्या दोरीसारखे आधीच ताणलेले असतात. चाप सुटावा तशी ती साठवलेली ऊर्जा एकदम सुटते.

पण हे हत्यार मोजक्याच भक्ष्यावर चालतं. नळीच्या भोकातून जाईल एवढाच घास. म्हणजे पाण्यातले कोपेपॉडसारखे सूक्ष्म कवचधारी जीव, कोळंबीची अगदी लहान पिल्लं, पाण्यातल्या किड्यांच्या बारीक अळ्या.

बाबा गरोदर कसा राहतो?

रील्समधली ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. सिग्नॅथिडी कुटुंबात अंडी वाढवण्याचं काम नर करतो. मादी आपली अंडी नराच्या अंगावर सोपवते. नर ती फलित करतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत सांभाळतो.

सांभाळण्याची पद्धत मात्र प्रजातीनुसार बदलते. काही पाइपफिशमध्ये अंडी नुसती नराच्या पोटाखाली चिकटलेली असतात, उघडी. काहींमध्ये त्वचेच्या दोन घड्या अंड्यांवर येतात. काहींमध्ये शेपटीखाली चांगली बंद पिशवी असते. या पिशवीतून पिल्लांना प्राणवायू मिळतो, क्षारांचं प्रमाण सांभाळलं जातं आणि काही प्रमाणात पोषणही पोहोचतं. गल्फ पाइपफिश नावाच्या अमेरिकी प्रजातीत हे 'बाळंतपण' साधारण दोन आठवड्यांचं असतं.

म्हणून पाइपफिशचा बाबा आदर्श वडील ठरतो का? तिथे गोष्ट जरा गुंतागुंतीची होते.

२०१० मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या किंबर्ली पॅक्झोल्ट आणि अ‍ॅडम जोन्स यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गल्फ पाइपफिशचे नर मोठ्या मादीची अंडी असतील तर जास्त पिल्लं जगवतात आणि लहान मादीची असतील तर कमी, असं त्यात दिसलं. म्हणजे नराला मादी फारशी पसंत नसेल, तर तो तिच्या पिल्लांवर खर्च कमी करतो आणि पुढच्या वेळेसाठी ताकद राखून ठेवतो.

त्याच वर्षी स्वीडनमधल्या संशोधकांनी युरोपातल्या दुसऱ्या एका पाइपफिशबद्दल आणखी एक गोष्ट दाखवली. पिशवीतल्या भ्रूणांमधली पोषणद्रव्यं नराच्या शरीरात शोषली जाऊ शकतात. सोप्या भाषेत, बाबा पिल्लांना पोसतो आणि कधीकधी पिल्लांकडून परतही घेतो.

काही प्रजातींमध्ये तर प्रेमाचे नियमच उलटे आहेत. तिथे माद्या नटतात, नरासाठी एकमेकींशी स्पर्धा करतात आणि नर निवड करतो. कारण सरळ आहे. पिशवीतली जागा मर्यादित आणि ती जागा नराकडे.

टाकीच्या दृष्टीने यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. उपाशी किंवा घाबरलेल्या नराकडे पिल्लं वाढवण्याइतकी ताकदच उरत नाही. 'जोडी आणू, पिल्लं होतील' ही कल्पना ऐकायला छान, पण पाइपफिशच्या बाबतीत प्रत्यक्षात क्वचितच उतरते.

हा मासा येतो कुठून? कळंबोलीच्या दारातून जाणारं पाणी

पाइपफिश म्हटलं की डोळ्यांसमोर प्रवाळ आणि निळा समुद्र येतो. सागरी प्रजाती अनेक आहेतच. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा बँडेड पाइपफिश किंवा निळ्या रेघेचा ब्लू-स्ट्राइप पाइपफिश हे रीलमध्ये दिसणारे चेहरे तिथलेच.

पण भारतात नद्यांच्या मुखाशी, खाड्यांत आणि काही ठिकाणी गोड्या पाण्यातही पाइपफिश राहतात. स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर १८२२ मध्ये जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अशा पाइपफिशचं वर्णन आहे. इक्थिओकॅम्पस कार्से, मायक्रोफिस कुनकॅलस आणि मायक्रोफिस डेओकाटा ही आजची शास्त्रीय नावं त्याच वर्णनांवर उभी आहेत. यातला कार्से साधारण १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. नद्यांची मुखं, खाड्या आणि कांदळवनाच्या कडा ही त्याची जागा. डेओकाटा हा ईशान्य आणि पूर्व भारतातल्या नद्यांमधला मासा. शोभेच्या माशांच्या बाजारात त्याला मागणी असते आणि आययूसीएनच्या यादीत तो धोक्याच्या उंबरठ्यावर असलेल्या प्रजातींमध्ये मोडतो.

खाडीचं पाणी म्हणजे ना पूर्ण गोडं, ना पूर्ण खारं. भरतीला खारट होतं, ओहोटीला आणि पावसाळ्यात गोडसर होतं. अशा निमखाऱ्या पाण्यात कांदळवनाच्या मुळांमध्ये सूक्ष्म जिवांची अक्षरशः खानावळ असते. दिवसभर टिपत राहणाऱ्या, पोट नसलेल्या माशासाठी याहून चांगली जागा नाही.

आता कळंबोलीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला लोखंड-पोलाद बाजार, दुसऱ्या बाजूला सायन-पनवेल महामार्ग, इथूनच सुटणारा मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे. या सगळ्यात आपण विसरतो की ही वसाहत खाडीकाठच्या सखल जमिनीवर उभी आहे. भरती आणि पाऊस एकाच वेळी आले तर पाणी कुठे जाणार, म्हणून सिडकोने इथे धारण तलाव बांधले. तळोज्याकडून येणारी कासाडी नदी याच पट्ट्यातून पुढे खाडीला मिळते. म्हणजे कार्सेसारखे मासे ज्या प्रकारच्या पाण्यात राहतात, तसं पाणी इथल्या घरांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

त्या पाण्याची अवस्था मात्र पनवेलकरांना वेगळी सांगायला नको. तळोजा औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी कासाडीत जातं, ही तक्रार स्थानिक मच्छीमार वर्षानुवर्षं करत आले आहेत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात चक्क निळ्या रंगाचे कुत्रे दिसले आणि ही बातमी जगभर गेली. पलीकडे नवी मुंबई विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला.

पाइपफिशसारख्या माशाला अशा पाण्यातून पळ काढता येत नाही. तो मुळात संथ. शिवाय त्याचं अन्न असलेले सूक्ष्म जीव प्रदूषणात सर्वांत आधी मार खातात. त्यामुळे या माशाची काळजी खरी सुरू होते ती काचेच्या टाकीत नाही, खाडीत.

टाकीत सांभाळायचा तर काय काय लागतं?

सार्वजनिक मत्स्यालयं, संशोधन संस्था आणि परदेशातले अनुभवी शौकीन पाइपफिश सांभाळतात. ते कसं करतात हे पाहिलं, की घरच्या टाकीत गणित का चुकतं ते कळतं.

*१. जुनी, मुरलेली टाकी.* नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात. ते वाढायला काही आठवडे लागतात. पाइपफिशसाठी तर काही महिने चाललेली टाकी हवी, कारण तिच्यात झाडांवर, दगडांवर सूक्ष्म जीवही वाढलेले असतात. दोन जेवणांच्या मधली ती त्याची शिदोरी.

*२. योग्य पाणी.* तापमान साधारण २४ ते २८ अंश सेल्सियस, पाणी किंचित अल्कधर्मी. खाडीतल्या प्रजातींना थोडं मीठ लागतं, सागरी प्रजातींना पूर्ण समुद्राइतकं. हे मीठ म्हणजे अ‍ॅक्वेरियमसाठीचं खास सागरी मीठ, स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढल्याशिवाय ते टाकीत जाता कामा नये.

*३. मंद प्रवाह.* जोरात पाणी फेकणारा पॉवर फिल्टर लावला तर हा मासा वाहून जातो आणि अन्नावर नेमही धरू शकत नाही. म्हणून साधा स्पंज फिल्टर. पकडायला, लपायला भरपूर झाडं आणि काड्या.

*४. गरीब शेजारी.* फायटर, एंजल, टेट्रा, अगदी गप्पीसुद्धा पाइपफिशच्या तोंडचा घास पळवतात. तो भक्ष्याकडे पाहून नेम धरेपर्यंत गप्पीचं जेवण उरकलेलं असतं. म्हणून पाइपफिशची टाकी शक्यतो फक्त पाइपफिशचीच ठेवतात.

*५. जिवंत खाद्य, रोज, दिवसातून अनेकदा.* इथेच बहुतेक जण हात टेकतात. सर्वाधिक वापरलं जातं ते आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला एक सूक्ष्म कवचधारी जीव. त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात. बाटलीत खारं पाणी, त्यात अंडी, एअर पंपचा जोरदार बुडबुडा आणि वर दिवा. साधारण २४ ते ३६ तासांत पिल्लं बाहेर येतात. ती गाळून, धुऊन लगेच द्यायची. जसजसे तास जातात, तसतसा पिल्लांच्या अंगातला पोषक बलक संपत जातो.

म्हणजे रोज ताजं हवं असेल तर किमान दोन बाटल्या आळीपाळीने चालू ठेवायच्या. आज एक, उद्या दुसरी. गणपतीला गावी गेलात, परीक्षा आली, ऑफिसमधून यायला उशीर झाला, तरी बाटली थांबता कामा नये. शिवाय गोड्या पाण्यात आर्टेमिया फार वेळ जगत नाही. न खाल्लेली पिल्लं मरतात, कुजतात आणि अमोनिया वाढतो. कमी टाकलं तर मासा उपाशी, जास्त टाकलं तर पाणी खराब. या दोन्हींच्या मधली रेघ बारीक आहे.

निव्वळ आर्टेमियावरही भागत नाही. कोपेपॉड, डॅफ्निया असं वेगवेगळं खाद्य लागतं. काही जण बादलीत डासांच्या अळ्या वाढवण्याचा सल्ला देतात. कळंबोलीत हा सल्ला विसरून जा. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत घराघरांत साठलेलं पाणी तपासलं जातं आणि माशासाठी शेजाऱ्यांना तापाने आजारी पाडण्यात अर्थ नाही.

*६. विजेचा भरवसा.* एअर पंप बंद पडला की फिल्टर थांबतो, आर्टेमियाची बाटलीही थांबते. पावसाळ्यात काही तास वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा.

हे सगळं एखाद्या महिन्यापुरतं नाही. मासा जिवंत आहे तोवर रोज.

उपाशी मासा कसा ओळखायचा?

पाइपफिशची उपासमार नजरेत पटकन भरत नाही, कारण तो मुळातच बारीक. शिवाय अंगावर हाडांच्या कड्या असल्याने बाहेरचा आकार बराच काळ टिकून राहतो. पण नीट पाहिलं तर खुणा दिसतात.

पोटाची खालची बाजू आत ओढल्यासारखी, पोकळ दिसू लागते. कड्यांच्या धारा टोकदार वाटतात. मासा अन्नाचा पाठलाग सोडतो आणि तळाशी किंवा एका कोपऱ्यात पडून राहतो. श्वास जलद होतो. या टप्प्यावर जिवंत खाद्य दिलं तरी अनेकदा उशीर झालेला असतो.

आणखी एक मुद्दा. निमखाऱ्या आणि गोड्या पाण्यातले बाजारात येणारे पाइपफिश जवळपास सगळे निसर्गातून पकडलेले असतात. नदीतून जाळ्यात, जाळ्यातून पिशवीत, पिशवीतून ठोक विक्रेत्याकडे आणि मग दुकानात. या प्रवासात कित्येक दिवस त्यांना पोटभर खायला मिळालेलं नसतं. म्हणजे घरी येईपर्यंत तो मासा अर्धा उपाशी झालेलाच असतो.

कायदा काय सांगतो?

आता ती बाजू, जी रीलमध्ये कुणी सांगत नाही.

वाघ, बिबट्या ज्या कायद्याखाली येतात, तो वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या अनुसूची १ मध्ये काही माशांचा समावेश केला. त्यात देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क होता, महाकाय ग्रूपर होता आणि समुद्रघोडाही होता. समुद्रघोड्याच्या नोंदीपुढे कंसात लिहिलं होतं, 'सर्व सिग्नॅथिडियन'. म्हणजे समुद्रघोड्याचं अख्खं कुटुंब. पाइपफिश त्याच कुटुंबातला. दुकानात 'नीडल' म्हणून काही रुपयांना मिळणारा मासा कागदावर थेट वाघाच्या पंक्तीत जाऊन बसला.

२०२२ च्या दुरुस्तीने या कायद्याच्या अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. दंडही वाढले. अनुसूची १ मधल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं तुरुंगवासाची तरतूद आहे. संरक्षित प्राणी परवानगीशिवाय पकडणं, विकणं, विकत घेणं किंवा बाळगणं गुन्हा ठरतो. 'मला माहीत नव्हतं' हा बचाव चालत नाही. त्यामुळे या कुटुंबातला कुठलाही मासा घेण्याआधी वनविभागाला विचारणं हाच शहाणपणा.

इथे सोशल मीडियामुळे मोठी गफलत होते. परदेशातले यूट्यूबर पाइपफिश उघडपणे विकत घेतात, टाकी सजवतात, अनबॉक्सिंग दाखवतात. त्यांच्याकडे ते कायदेशीर असू शकतं. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणाऱ्या 'साइट्स' करारात समुद्रघोड्यांच्या व्यापारावर २००४ पासून नियंत्रण आहे, पण पाइपफिश त्या यादीत नाहीत. शिवाय काही देशांत सागरी पाइपफिशची पैदास टाकीतच केली जाते. भारतातला नियम मात्र वेगळा. व्हिडिओ अमेरिकेतला आणि टाकी कळंबोलीतली असेल, तर कायदा कळंबोलीतलाच लागतो.

मग हौस असलेल्याने काय करायचं?

सर्वांत सोपं उत्तर म्हणजे पाइपफिश विकत घ्यायचा नाही. दुकानात कुणी घेतलाच नाही, तर मागणी संपते आणि नदीतून पकडण्याचं कारणही.

आधीच कुणाच्या टाकीत असेल तर? त्याला उचलून कासाडीत किंवा खाडीत सोडायचं नाही. हा मासा कुठल्या नदीतून आला ते कुणालाच माहीत नसतं. दुकानातल्या टाकीतून तो रोग घेऊन आलेला असू शकतो आणि ते रोग इथल्या माशांमध्ये पसरू शकतात. एकदम बदललेल्या खारटपणात तो स्वतःही टिकणार नाही. त्याऐवजी वनविभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' १९२६ या क्रमांकावर विचारणा करता येते. तोपर्यंत त्याला जिवंत आर्टेमिया मिळेल आणि टाकीत घास पळवणारे मासे नसतील, एवढं पाहायचं.

टाकीचा नाद खरोखरच असेल, तर पैदास केलेल्या माशांपासून सुरुवात करता येते. गप्पी, प्लॅटी, गुरामी किंवा छोट्या चेरी कोळंब्या. झाडांनी भरलेली टाकी, मंद प्रवाह, घरी उबवलेलं आर्टेमिया, ही पाइपफिशसाठी लागणारी सगळी कौशल्यं या माशांवरही शिकता येतात. आर्टेमियाच्या ताज्या पिल्लांवर गप्पीची पिल्लं कशी झपाट्याने वाढतात, हे पाहणंही कमी मजेचं नाही. फक्त तेही मासे नाल्यात किंवा तलावात सोडायचे नाहीत.

आणि पाइपफिश बघायची इच्छा असेल तर त्याच्या घराची चौकशी करता येते. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र ऐरोलीला आहे, कळंबोलीहून फार लांब नाही. कांदळवनाच्या मुळांत किती प्रकारचं जग राहतं, याची कल्पना तिथे येते. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडण्यावर आणि त्यावर भराव टाकण्यावर बंदी घातली. त्यानंतरही कुठे रातोरात डेब्रिजचे डंपर रिकामे होताना दिसले, तर त्याची तक्रार करणं हीसुद्धा पाइपफिशची निगाच आहे. टाकीत एक मासा जगवायला रोज दोन बाटल्या आर्टेमिया लागतात. खाडी ठीक असेल तर ती हे काम फुकटात करते, हजारो माशांसाठी, दिवसरात्र.

पुढच्या वेळी फीडमध्ये गरोदर बाबाचा रील आला, तर जरूर लाइक करा. पण खाली कुणी 'कुठे मिळेल? प्राइस?' असं विचारलं असेल, तर त्याला एवढंच सांगा, याला पोट नसतं, दिवसभर जिवंत खाद्य लागतं आणि आपल्याकडे तो घ्यायच्या आधी वनविभागाला विचारावं लागतं. ही एक कमेंटही एखादा मासा वाचवू शकते.